अठरा वर्षांनंतर काय?

(नभोवाणीवरून केलेले भाषण)

शाळामास्तर बोलावयास लागला म्हणजे तो उपदेश करणार, अशी ऐकणाऱ्यांची खात्रीच असते; आणि ती बहुधा खरीही ठरते. परंतु आज मी उपदेश करावयास आलेलो नाही. माझ्या हातून पूर्वी घडलेल्या एका चुकीची कबुली द्यावी आणि तिच्यापासून मला जे थोडेबहुत समजले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी येथे राहतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे नोकरी करून २०१६ साली सेवानिवृत्त झालो. वैद्यक किंवा मानसशास्त्र हे माझे विषय नव्हेत. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले आणि जे पडताळून घेतले तेवढेच सांगेन.

१९८९ सालची गोष्ट. मी ज्या गावी नोकरीस होतो तेथे पहिलीच्या वर्गात एक आठ वर्षांचा मुलगा होता. दोन वर्षे पहिलीतच बसूनही त्यास एक अक्षर ओळखता येत नव्हते. बोलणे तुटक, चाल मंद. परंतु स्वभाव अत्यंत शांत. घंटा झाली की सर्वांच्या आधी तो उठे आणि वर्गातील बसकरपट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात नीट रचून ठेवी. हे काम त्यास कोणी सांगितलेले नव्हते. पुढे तपासणीचे दिवस जवळ आले. वर्गाचा निकाल खाली येईल ह्या धास्तीने मी त्याच्या आईस बोलावले व म्हणालो, “याला उद्यापासून शाळेत पाठवू नका. याच्या डोक्यात काही शिरावयाचे नाही.” ती माउली एक शब्दही बोलली नाही. मुलाच्या हातातील पाटी शाळेची होती. ती तिने पदराने पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा नित्याप्रमाणे आला आणि कुंपणाबाहेर उभा राहिला. शाळा सुटेपर्यंत तो तसाच उभा होता. असे पुष्कळ दिवस चालले. पुढे केव्हातरी त्याचे येणे बंद झाले आणि, खरे सांगतो, मला हायसे वाटले.

सेवानिवृत्तीनंतर मी फुलसावंगीस येऊन स्थायिक झालो. एका बाजाराच्या दिवशी भाजीच्या दुकानापुढे एक वृद्ध बाई आणि तिच्या पदरास धरून उभा असलेला एक मोठा पुरुष मला दिसला. कानशिलांवरचे त्याचे केस पिकू लागले होते. त्याने मला पाहिले आणि तोंडभर हसून नमस्कार केला. मी त्यास ओळखले नाही. त्याने मला ओळखले होते. मी ओशाळून त्या बाईंना म्हणालो, “माय, त्या वेळी माझं चुकलं.” त्यावर ती म्हणाली, “गुरुजी, शाळेचं जाऊ द्या आता. माह्या मागं याचं कोन पाहीन, तेवढं सांगा.”

श्रोतेहो, छत्तीस वर्षे प्रश्न विचारून पोट भरलेल्या माणसास हा एक प्रश्न विचारला गेला आणि त्यास उत्तर देता आले नाही. आजचे माझे भाषण म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम हा वर्ग कोणता ते स्पष्ट केले पाहिजे. आमच्या लहानपणी अशा माणसास गावात ‘वेडा’ म्हणत. पुढे ‘मतिमंद’ हा शब्द आला. आता ‘बौद्धिक दिव्यांग’ असे म्हणतात. शब्द बदलले ही इष्टच गोष्ट झाली. परंतु समजूत बदलली पाहिजे ती अशी की, हे वेड नव्हे आणि हा रोगही नव्हे. मनोविकार हा चांगल्या वाढलेल्या बुद्धीस मागाहून जडू शकतो व औषधाने आटोक्यात येऊ शकतो. येथे मुळात वाढीचाच वेग मंद असतो अथवा वाढीची तऱ्हा निराळी असते. जन्मताना श्वास कोंडला, गर्भारपणी आईच्या आहारात आयोडीन फार कमी पडले, जन्मानंतरची तीव्र कावीळ वेळीच उतरली नाही, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. काहींचे कारण बीजातच असते. डाऊन सिंड्रोम म्हणून जी अवस्था आहे तिच्यात एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनांऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली फ्रान्समध्ये दाखविण्यात आले. स्वमग्नता आणि मेंदूचा पक्षाघात ह्या अवस्थांचाही विचार ह्याच संदर्भात करावा लागतो. आईबापांचे पाप, दृष्ट, करणी यांचा ह्यात काडीचाही संबंध नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशा बौद्धिक दिव्यांगांची संख्या सुमारे १५ लाख नोंदविली गेली. घरातील अशा मुलाचे नाव लोकलज्जेने न सांगणारी कुटुंबे आम्हां शिक्षकांस चांगली ठाऊक आहेत. कारण जनगणनेची पाने घेऊन दारोदार हिंडणारे आम्हीच. तेव्हा हा आकडा कमीच धरावा लागेल.

दुसरी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी ही मुले अल्पायुषी असत. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य १९८३ साली सुमारे २५ वर्षांचे होते; आता ते सुमारे ६० वर्षांचे झाले आहे. आपल्याकडेही लसी, प्रतिजैविके आणि शस्त्रक्रिया यांचा लाभ पोचला तसतशी ही मुले जगू लागली, मोठी झाली, प्रौढ झाली. ही आनंदाची वार्ता आहे. परंतु तिच्या पोटातच त्या माउलीचा प्रश्न दडलेला आहे. पूर्वी आई मुलास निरोप देई. आता मुलगा आईच्या मागे राहणार आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम ६ ते १८ वर्षे वयाच्या दिव्यांग मुलास मोफत शिक्षणाचा हक्क देतो. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी विशेष शाळा आहेत, आणि त्यांतील शिक्षकांचे कष्ट पाहिले म्हणजे मजसारख्याची मान खाली जाते. परंतु अठरावे वर्ष संपले, शाळेच्या पटावरचे नाव निघाले, की पुढे काय? ज्या मुलाने दहा वर्षे खपून स्वतःचे जेवण, स्वतःचे कपडे, रांगेत उभे राहणे, सांगितलेले काम पुरे करणे ह्या गोष्टी आत्मसात केल्या, तो घरी येऊन ओसरीच्या खांबास टेकून बसतो. आणि दोन वर्षांत शिकलेले सारे विसरतो. शेतास पाणी पाट काढून बांधापर्यंत आणावे आणि तेथे सोडून द्यावे, तसा हा प्रकार होतो.

हा प्रश्न विदर्भात ज्यांनी सर्वांत कळकळीने मांडला ते अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर होत. टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले त्यांनी सांभाळली. ज्यांस बाप नव्हता त्यांस आपले नाव दिले. त्यांच्याच हातांनी माळरानावर हजारो झाडे उभी केली. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षे एकच मागणी आहे: अठरा वर्षे झाली म्हणून अशा मुलास बालगृहाच्या बाहेर काढू नका, त्याच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. अनाथ मुलाच्या बाबतीत जे खरे, तेच आईबाप असलेल्या मुलाच्या बाबतीतही खरे आहे; कारण आईबापही कायमचे नसतात.

ह्या प्रश्नास जगाने आणि महाराष्ट्राने जी काही उत्तरे शोधली त्यांपैकी एक म्हणजे कर्मशाळा. इंग्रजीत तिला ‘शेल्टर्ड वर्कशॉप’ म्हणतात. सावलीतले काम, असे मी तिचे भाषांतर करीन. बाहेरच्या कारखान्याचा वेग, गोंगाट, कुचेष्टा जेथे नाही. परंतु काम खरे, माल खरा, गिऱ्हाईक खरे आणि मिळालेला पैसाही खरा, असे ते ठिकाण. महाराष्ट्रास ही कल्पना परकी नाही. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने जी शाळा काढली तीच आजची शिवडीची जय वकील संस्था. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली. तेथे शाळेस जोडून मोठ्या मुलांसाठी उद्योग केंद्र चालू झाले. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ उभी केली. रजनीताई शिक्षिका होत्या, आणि अशा मुलाच्या आईही होत्या. मुंबईस १९९१ साली राधिके खन्ना यांच्या पुढाकाराने ‘ओम क्रिएशन्स’ निघाली. तेथे बौद्धिक दिव्यांग स्त्रिया खाद्यपदार्थ, मातीच्या व कागदाच्या शोभेच्या वस्तू तयार करतात आणि त्या चांगल्या किमतीस विकल्या जातात. बदलापूरची ‘आधार’ तर अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभारली.

आणि आमच्या विदर्भापुरते बोलावयाचे तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन आहे. ते मूळचे कुष्ठरोग्यांसाठी. पुढे अंध, मूकबधिर, अपंग असे अनेक तेथे हातमागावर, सुतारकामावर, शेतीवर राबू लागले. दान माणसास पंगू करते आणि काम माणसास उभे करते, हा त्या प्रयोगातून निघणारा धडा ह्या मुलांसही तंतोतंत लागू पडतो. त्याच्याही आधी, १९३७ साली, वर्ध्यास गांधीजींच्या पुढाकाराने हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली गेली. आम्ही शिक्षकांनी ती परीक्षेत लिहिली, आणि वर्गात मात्र ज्याची बुद्धी हातांत आहे त्यास नापास केले. बसकरपट्ट्या नीट रचणारा मुलगा माझ्यासमोर होता. परंतु माझे लक्ष केवळ पाटीकडे होते.

असो. मी काय केले ते आता सांगतो. ते फारच अल्प आहे. त्या माउलीच्या घरापासून रोज जाऊन येता येईल अशा अंतरावर मला कर्मशाळा आढळली नाही. तेव्हा आमच्या घराच्या ओसरीवरच रोज दोन तास काम सुरू केले. तीन वर्षे झाली. प्रथम तो एकटा होता. आता पाच जण येतात, त्यांत दोन मुली. एका विशेष शाळेतील शिक्षिकेने मला मार्ग दाखविला. काम निवडले ते वाती वळण्याचे. आमच्या भागात कापूस विपुल. वातीस लागते ती हातांची सवय, बळ नव्हे. आणि माहूरगड जवळ असल्यामुळे वातींस मागणी बारमास.

फुलवात वळणे आपणांस किती सोपे वाटते! मी ते काम कागदावर उतरविले तेव्हा त्याच्या सात पायऱ्या निघाल्या. कापसातील कचरा वेचणे, सारखा चिमूट घेणे, तो तळहातावर पसरणे, मध्ये गोळा करणे, टोकास पीळ देणे, मोजणे आणि पुडीत भरणे. त्या शिक्षिकेने सांगितले की, गुरुजी, पहिल्या पायरीपासून शिकवू नका, शेवटल्या पायरीपासून शिकवा. म्हणजे असे की, आधीच्या पायऱ्या आपण कराव्यात आणि शेवटचा पीळ तेवढा त्याने द्यावा. वात पुरी झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या पदरी पडतो. मग शेवटल्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. छत्तीस वर्षांत मी एकही धडा असा उलटा शिकविला नव्हता. आणि ज्यास आरंभच समजत नाही त्यास शेवट कधी चाखावयास दिला नव्हता.

मोजण्याचा प्रश्न मोठा होता. पाचांपैकी तिघांस दहापर्यंत मोजता येत नाही. सुताराकडून एक फळी करून घेतली व तीत दहा खाचा पाडल्या. खाच भरली की एक वात झाली. सर्व खाचा भरल्या की दहा झाल्या. अशा दहा फळ्या भरल्या की एक पुडी. ज्यास शंभर हा आकडा ठाऊक नाही त्याच्या पुडीत बरोबर शंभर वाती निघतात. दुकानदाराने तीन वेळा मोजून पाहिल्या. चिमूट सारखा यावा म्हणून बाटलीचे झाकण हे माप ठरविले. पायऱ्याही वाटून दिल्या. एका मुलीची बोटे वळत नाहीत, ती केवळ कचरा वेचते. परंतु तिच्या नजरेतून काडी सुटत नाही. एकजण कोणाशी बोलत नाही, आवाज सहन करीत नाही. त्याची जागा भिंतीकडे तोंड करून आहे, आणि त्याच्या वाती सर्वांत सारख्या असतात.

ह्यातही माझी एक चूक झाली. एकदा सणाच्या तोंडावर मागणी मोठी आली. मुलांकडून ती पुरी होईना, म्हणून रात्री मी आणि घरच्या मंडळींनी बसून उरलेल्या वाती वळल्या. माल वेळेवर गेला, कौतुकही झाले. परंतु सकाळी तो आला, आपली अर्धी राहिलेली फळी भरलेली पाहिली आणि त्या दिवशी त्याने कामास हात लावला नाही. त्याचे काम मी चोरले होते. तेव्हापासून नियम केला की, जेवढे त्यांच्याने होईल तेवढीच मागणी घ्यावयाची.

पहिल्या महिन्याअखेर त्याच्या वाट्यास एकशे चाळीस रुपये आले. रक्कम किरकोळ आहे हे मी जाणतो. ते पैसे खिशात घालून तो मला स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात घेऊन गेला. ह्या हॉटेलात त्यास वर्षानुवर्षे फुकट चहा मिळत असे. मालक दयाळू होता. त्या दिवशी त्याने नोट पुढे केली. मालक हसून म्हणाला, “राहू दे रे, तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे!” त्याने नोट मागे घेतली नाही. मी म्हणालो, “घ्या. आज तो गिऱ्हाईक म्हणून आला आहे.” मालकाने पैसे घेतले आणि सुटे परत दिले. दया आणि मान यांत काय अंतर आहे ते मला त्या सुट्या पैशांनी शिकविले.

परंतु श्रोतेहो, एका ओसरीवर पाचजणांनी वाती वळल्याने हा प्रश्न सुटत नाही. मी आज आहे, उद्या नाही; आणि माझ्या ओसरीला कर्मशाळा म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होईल. ह्या कामाचा विस्तार कसा व्हावा यासंबंधी माझ्या अल्पमतीस सुचते ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. जिल्ह्याच्या ठिकाणी एक भव्य इमारत झाली तर तिचा लाभ शहरातल्या पन्नास घरांना होईल. तांड्यावरच्या व वाडीवरच्या आईस तेथे रोज पोचता येणार नाही. म्हणून दहापंधरा गावांमिळून एक लहान कर्मशाळा असावी, आणि तालुक्याच्या ठिकाणी एक मोठी, जी लहानांस शिक्षक, कच्चा माल व बाजारपेठ पुरवील. २०१६ च्या अधिनियमात दिव्यांगांच्या उद्योगासाठी व उत्पादन केंद्रासाठी सवलतीच्या दराने द्यावयाच्या जमिनीत ५ टक्के राखीव ठेवण्याची तरतूद आहे. गावोगावी पट कमी होऊन शाळांच्या खोल्या रिकाम्या पडत आहेत. त्यांतील एखादी खोली ह्या कामास मिळाली तर मजसारख्याचे प्रायश्चित्त तरी होईल.

दुसरी गोष्ट पैशाची. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणार्थ खर्च करावी असा महाराष्ट्र शासनाचा आदेश आहे. पुष्कळदा ही रक्कम वर्षाअखेर प्रत्येकास थोडी थोडी वाटली जाते व ती चार दिवसांत संपते. काही गावांनी ती एकत्र केली तर एका शिक्षकाचे मानधन व मुलांस नेण्याआणण्याचे वाहन ह्यांचा काही भार तीतून उचलता येईल. वाहन ही चैन नव्हे. माझ्या ओसरीवर पाचच जण येतात त्याचे कारण बाकीच्यांस आणणारे कोणी नाही, हे आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाच्या दारी गावाने अर्ज घेऊन गेले पाहिजे. ज्याला मागता येत नाही त्याच्यासाठी मागणे हे शेजाऱ्याचे काम आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकाची व मालाची. ममता पुरेशी नाही, विद्या पाहिजे. अशा शिक्षणाच्या नियमनासाठी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद अस्तित्वात आली आहे. आपल्या भागातील मुलामुलींनी हा अभ्यासक्रम करावा. आणि काम असे निवडावे की ज्याचा माल दयेने नव्हे, गरजेने विकला जाईल. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण, कागदी पिशव्या, रोपवाटिकेसाठी मातीने भरलेल्या पिशव्या, तूर निवडणे व पुड्या बांधणे, ही कामे आमच्या मातीतली आहेत. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी झाल्यापासून कागदी पिशवीस मागणी आली आहे. गावातील दुकानदारांनी वर्षाची मागणी आगाऊ नोंदविली तर तेवढ्यावर एक कर्मशाळा तग धरू शकेल.

चौथी गोष्ट कागदाची. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे कायद्याने ते सज्ञान होते, आणि आईबापही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत, हे किती जणांस ठाऊक आहे? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती अशा व्यक्तीस कायदेशीर पालक नेमून देते. हा अर्ज आईबाप हयात असतानाच करावा. ह्याच न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे. तीत १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे. कर्मशाळा असेल तर ही माहिती तेथे सर्व पालकांस एकाच ठिकाणी मिळेल.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो विद्वानांचा असल्यामुळे त्याचा आदर केला पाहिजे. ते म्हणतात की, पश्चिमेकडे अशा कर्मशाळा बंद होत आहेत. हे खरे आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने २००२ साली आपली शेवटची कर्मशाळा बंद केली. इंग्लंडात १९४५ साली स्थापन झालेल्या रेम्प्लॉयचे कारखाने २०१३ पर्यंत मिटले. अमेरिकेच्या १९३८ च्या एका कायद्याने अशा कामगारांस किमान वेतनाहून कमी पैसे देण्याची मुभा दिली, आणि तिचा आडोसा घेऊन माणसांस आयुष्यभर कवडीमोलाने राबविले गेले. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी केलेला आणि भारताने २००७ साली मान्य केलेला करार सांगतो की, दिव्यांगांस सर्वांबरोबर, उघड्या बाजारात काम करण्याचा हक्क आहे.

ह्या आक्षेपातील सत्य मी मान्य करतो. कर्मशाळेची भिंत तुरुंगाची भिंत होता कामा नये. म्हणून तिचे दार बाहेरच्या बाजूस उघडे असावे. ज्यास दुकानात, गोदामात, शेतावर काम जमेल त्यास तेथे पोचविणे हे तिचे पहिले कर्तव्य. कोणी किती काम केले आणि त्यास किती पैसे मिळाले ह्याचा हिशेब भिंतीवर लावावा. आईबापांनी तो वाचावा. परंतु जेथे कर्मशाळाच नाही तेथे ती बंद करण्याचा वाद कोणाच्या कामाचा? व्हरमाँटने दार बंद केले ते दुसरे दार उघडून. तेथे प्रत्येकाबरोबर बाहेरच्या नोकरीत मदतीस माणूस देण्यात आला. आमच्याकडे त्या मुलापुढे आज दोनच जागा आहेत: घरातील कोपरा आणि स्टँडवरील फुकटचा चहा. ह्या दोहोंतून त्यास बाहेर काढणारी तिसरी जागा प्रथम उभी राहू द्या. मग ती अधिक चांगली कशी करावी याचा विचार आपण अवश्य करू.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण मी त्याला अजून पुरते उत्तर दिलेले नाही. गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि बारा दिवस तिला रुग्णालयात राहावे लागले. मला वाटले, आता तो येणार नाही. कारण आईचा पदर धरल्यावाचून तो कधी कोठे गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तो तो ओसरीच्या पायरीशी उभा. तीन वर्षांत तो रस्ता त्याच्या पायांना पाठ झाला होता. त्या बारा दिवसांत इतर चार मुलांच्या घरांनी आपसांत पाळी लावून त्यास जेवू घातले. रात्री त्याचा चुलतभाऊ सोबतीस राहिला. हे कोणी ठरवून केले नाही. रोज एकत्र येण्याने ती घरे एकमेकांची झाली होती, म्हणून घडले. आई परत आली. आता त्या चुलतभावास कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे.

“माझ्या मागे याचे कोण पाहील,” ह्या प्रश्नाचे उत्तर कोणा एका माणसाचे नाव घेऊन देता येत नाही. कारण तो माणूसही मर्त्यच. त्याचे उत्तर एखादी जागा असू शकते, जेथे रोज त्याची वाट पाहिली जाते, तो आला नाही तर चौकशी होते, आणि तो गेल्यावर त्याचे काम दुसऱ्याच्याने होत नाही. अशी जागा गावाने उभी करावयाची असते. आपल्या गावातही कोठेतरी कुंपणाबाहेर असा एक मुलगा उभा असेल. उद्या सकाळी त्याच्या घरी जा, त्याच्या आईस भेटा आणि त्यास कोणते काम आवडते एवढेच विचारा. आरंभास तेवढे पुरे आहे.